लोकरीची पिशवी ढिली का पडते, आणि दख्खनी लोकरीची भक्कम पिशवी कशी करावी

कराडच्या एका ताईंनी विचारलं आहे: मेरिनो मेंढीची मऊ, बारीक लोकर मागवून, साबणपाण्याने हातांनी फेल्ट करून, म्हणजे न विणता केस एकमेकांत अडकवून, दोन पिशव्या केल्या. ज्याच्याभोवती लोकर मांडली तो सपाट साचा ३६ सेंटिमीटर रुंद होता, तयार पिशवी ३० ची झाली. दिसायला छान, पण महिन्याभरात ढिल्या पडल्या. अंगावर लोकरीच्या गोळ्या आल्या. मंडईतून कांदे-बटाटे आणले तर तळ लोंबला आणि एक बंद मुळासकट उपटून आला. पुढच्या वेळी लोकर दुप्पट घालावी का? आणि आपल्याकडची धनगरी लोकर या कामाला चालेल का?

ताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. चालेल, आणि ओझं वाहणाऱ्या पिशवीसाठी मी तीच निवडेन. आपल्या माणदेशात, जतेत, कवठेमहांकाळकडे घोंगडीबरोबर जेनही होत आली आहे. जेनीला माग लागत नाही. पिंजलेली लोकर पसरायची, पाणी मारायचं, गुंडाळून पायांनी तुडवायची, की जाड, टणक अंथरूण तयार होतं. तुम्ही जे करताय ते हेच काम आहे, फक्त पिशवीच्या आकारात.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र 'नाही' असं आहे. तुम्ही दिलेली मापंच सांगतात काय झालं ते. ३६ ची ३० झाली म्हणजे पिशवी जेमतेम १७ टक्के आटली. ओझ्याची पिशवी ३० टक्के तरी आटायला हवी, आणि मेरिनो तर त्याहून जास्तही आटते. तुमची लोकर कमी पडलेली नाही, मळणं कमी पडलं. लोकर दुप्पट केलीत तर पिशवी जाड होईल, जड होईल, भिजली तर लवकर वाळणार नाही आणि तळ पुन्हा लोंबेल.

आटण्यावर मी एवढा जोर का देते ते सांगते. लोकरीच्या प्रत्येक केसावर अतिशय बारीक खवले असतात आणि ते सगळे शेंड्याच्या दिशेने झुकलेले असतात. त्यामुळे केस मुळाच्या बाजूने पुढे सहज सरकतो, मागे यायला मात्र अडतो. गरम पाण्याने केस फुगतो आणि लवचिक होतो, साबणाने घसरतो. मग आपण जितकं दाबू, चोळू, लाटू तितके केस एकमेकांत घुसत जातात आणि अडकतात. वरून थर घट्ट दिसायला लागला तरी ही फक्त सुरुवात असते. आत केस अजून सैल असतात. तिथे थांबलं की वापरात, अंगाला घासून तेच सैल केस बाहेर येतात आणि त्यांच्या गोळ्या होतात. ओझं पडलं की केस एकमेकांवरून घसरतात आणि तळ लोंबतो. तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे.

आता लोकरीकडे येऊ, कारण इथे थोडं सविस्तर सांगायला हवं.

तुम्ही जिला धनगरी म्हणता ती दख्खनी मेंढीची लोकर. ती भरड असते. काळी, तपकिरी, करडी असे तिचे रंग. तिच्यात दोन तऱ्हांचे केस मिसळलेले असतात. काही बारीक आणि लवचिक, तर बरेचसे जाड, आतून पोकळ गाभ्याचे. जाड केस स्वतः फारसे अडकत नाहीत, पण पिशवीला ताठपणा देतात. बारीक केस त्यांना जखडून ठेवतात. म्हणून नुसत्या दख्खनीला वेळ जास्त लागतो, पण एकदा ती बसली की मेरिनोसारखी लोळत नाही. मेरिनो टोपीला, शालीला, बाळाच्या मोज्यांना उत्तम. मंडईच्या पिशवीला तिचा मऊपणा आडवा येतो.

मेंढपाळांच्या वाड्यावर लोकर घ्यायला गेलात तर पाठीची आणि खांद्याची मागा. पोटाची आणि पायांची आखूड, मळकी असते, ती फेल्टला कामाची नाही. जावळ, म्हणजे कोकराची पहिली कातरण, मिळाली तर वेगळी ठेवा. ती सगळ्यात मऊ असते आणि बाहेरच्या थराला सोन्यासारखी कामी येते. कातरणी वर्षातून साधारण दोनदा होते, तेव्हा ती कधी आहे ते आधीच विचारून ठेवा. कातरण्याआधी मेंढरं ओढ्यात किंवा तळ्यात धुण्याची पद्धत आहे. अशा कळपाची लोकर मिळाली तर तुमचे निम्मे कष्ट वाचतात. आज कित्येक मेंढपाळांना कातरणीची मजुरी लोकरीच्या पैशातून सुटत नाही आणि चांगली लोकर बांधावर टाकून दिली जाते. एका मेंढीची एका कातरणीची लोकर अर्धा किलोही भरत नाही, तरी एवढी ती फुकट जावी याचं मला फार वाईट वाटतं. मागून घेतलीत तरी तिचे रास्त पैसे द्या.

एक खबरदारी. जतकडची माडग्याळ मेंढी दिसायला उंच, देखणी, पण ती मटणासाठी पाळतात. तिच्या अंगावर पिशवीला पुरेल अशी लोकर नसते. आणि शहरातल्या दुकानात विणकामासाठी 'लोकर' म्हणून जे गुंडे मिळतात ते बहुतेक ॲक्रिलिकचे असतात. ते जन्मात फेल्ट होणार नाहीत. शंका आली तर एक धागा जाळून पाहा. खरी लोकर केस जळाल्यासारखी वास मारते आणि तिची राख बोटांनी चुरडते. ॲक्रिलिक वितळतं आणि त्याचा कडक मणी उरतो. 'मशीनमध्ये धुता येईल' असं लिहिलेली खरी लोकरही टाळा, कारण तिचे खवले कारखान्यातच मारलेले किंवा झाकलेले असतात.

पारख करायची सोपी रीत आहे. चिमूटभर धुतलेली लोकर घ्या, गरम साबणपाण्यात बुडवा आणि तळहातांमध्ये गोळी वळत राहा. पाच-सात मिनिटांत गोळी टणक होत गेली तर लोकर कामाची. भुसभुशीतच राहिली तर तिच्यात बारीक केस कमी आहेत. अशा लोकरीत एक तृतीयांश जावळ किंवा राजस्थानची चोकला लोकर पिंजताना मिसळा. तुमच्याकडे मेरिनो उरली असेल तर तीही चालेल.

धुताना घाई करू नका. रात्रभर थंड पाण्यात भिजत घाला, माती खाली बसते. सकाळी लोकर उचलून कोमट पाण्यात रिठ्याचा काढा घालून दाबून दाबून धुवा. चोळायची नाही, आणि वरून गरम पाण्याची धारही सोडायची नाही, नाहीतर ती धुतानाच गुठळी होऊन बसेल. कपड्यांची पावडर वापरू नका. डाग काढणाऱ्या बऱ्याच पावडरींत प्रथिनं तोडणारी विकरं असतात, आणि लोकर प्रथिनाचीच बनलेली आहे. ब्लीच तर लोकर विरघळवूनच टाकतं. सावलीत वाळवा, काटे-कुसळं वेचून काढा. या सगळ्यात पाव ते एक तृतीयांश वजन जातं असं धरूनच लोकर आणा.

पिंजायला धनुकली वापरणारं कुणी आसपास असेल तर भाग्य समजा. गादीवाले आपल्या यंत्रात लोकर घालायला सहसा तयार होत नाहीत, कारण पुढच्या कापसात केस जातात. एका पिशवीपुरती लोकर तारेच्या दोन ब्रशांनी घरी पिंजून होते. केस मोकळे आणि साधारण एका दिशेला हवेत, गाठी राहता कामा नयेत. जिथे गाठ राहते तिथे पिशवीला पुढे भोक पडतं.

साच्याआधी नमुना करा. बरेच जण हे टाळतात, तुम्ही टाळू नका. ३० बाय ३० सेंटिमीटरचा चौकोन, लोकर वजन करून घातलेली, शेवटपर्यंत मळायचा. तो २१ चा झाला तर तुमची लोकर ३० टक्के आटते. मग हिशेब सरळ आहे: हव्या त्या मापाला ०.७ ने भागा. ३० रुंद आणि ३५ उंच पिशवीसाठी साचा ४३ बाय ५० चा लागेल. साचा कशाचाही चालतो, पाणी न पिणारा आणि वाकणारा हवा. फरशीखाली घालतात तो पातळ फोम मला सगळ्यात बरा वाटतो. कोपरे थोडे गोल कापा, टोकदार कोपऱ्यात लोकर विरळ पडते.

या मापाच्या पिशवीला २४० ग्रॅम पिंजलेली लोकर पुरते. प्रत्येक बाजूला चार थर, एकेक थर २५ ग्रॅमचा, आणि उरलेली ४० ग्रॅम तळासाठी. वजनकाट्यावर आठ वाट्या आधीच करून ठेवल्या की दोन्ही बाजू सारख्या जाड होतात. अंदाजाने घातलेली लोकर पहिल्या बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी पडते. चारांतला सगळ्यात बाहेरचा थर जावळाचा किंवा बारीक लोकरीचा ठेवा. तिचे केस भरड थरातून आरपार जातात आणि जाड केसांना आत दाबून धरतात, म्हणून पिशवी कपड्याला टोचत नाही आणि गोळ्याही कमी येतात.

लोकरीची पातळ बोटं ओढून नळीच्या कौलांसारखी एकावर एक चढवत मांडा. पहिला थर उभा, दुसरा आडवा, तिसरा पुन्हा उभा. साच्याच्या दोन्ही बाजूंना आणि तळाला दोन-तीन सेंटिमीटर लोकर बाहेर राहू द्या. तोंडाकडची कडा मात्र साच्याबरोबर संपवा. एका बाजूचा एक थर झाला की वर मच्छरदाणीचं कापड टाकून गरम साबणपाणी शिंपडा, तळहाताने दाबून हवा काढा, साचा उलटा करा आणि बाहेर राहिलेली लोकर ओढून या बाजूवर घट्ट दुमडा. मग या बाजूचा थर, पुन्हा उलटा, पुन्हा दुमड. चारी थर एकदम एका बाजूला घालून शेवटी दुमडलं तर कडेला जाड वळी उठते आणि ती पुढे कधीच बसत नाही. तळाची ४० ग्रॅम लोकर तिसऱ्या थरानंतर घाला, दोन्ही बाजूंवर १०-१२ सेंटिमीटर वर चढेल अशी.

पाण्याचं एक सांगायला हवं, कारण आपल्या भागात बऱ्याच लोकांचं काम इथे अडतं. आटपाडी-जतकडच्या विहिरी-बोअरचं पाणी जड असतं. त्यात साबणाचा फेस होत नाही, पांढरा चोथा होतो आणि तो लोकरीत चिकटून बसतो. पावसाचं साठवलेलं पाणी असेल तर तेच घ्या. तुम्हाला कृष्णा-कोयनेचं पाणी मिळतं, तिथे हा त्रास कमी होईल. पाणी जडच असेल तर बादलीत चमचाभर धुण्याचा सोडा विरघळवा आणि मग साबण घाला. साबण खोबरेल तेलाचा, वडी किसून. हाताला निसरडं लागेल एवढाच हवा. फेसाचे डोंगर झाले तर केस एकमेकांना पकडतच नाहीत.

पहिली पंधरा-वीस मिनिटं हलक्या हाताने जाळीवरून चोळत राहा, कडा बाहेरून आत. मग चिमटीत पृष्ठभाग उचलून पाहा. सुटे केस वर आले तर अजून चोळा. सगळं कापड एकसंध उचललं गेलं तर लाटायला घ्या. पिशवी चटईवर ठेवून प्लॅस्टिकच्या पाइपवर चटईसकट गुंडाळा, दोन ठिकाणी बांधा आणि कोपरापर्यंतचा हात वापरून पुढे-मागे लाटा. पिशवी ज्या दिशेने गुंडाळली त्याच दिशेला ती आटते. म्हणून दर पाच मिनिटांनी उघडून पाव वळसा फिरवा, पालटा, सुरकुत्या ओढून काढा. पाणी थंड झालं की पिळून पुन्हा गरम शिंपडा. हाताला सोसेल इतकं गरम पुरतं. आलटून पालटून उकळतं आणि बर्फाचं पाणी ओतायची पद्धत बऱ्याच जणी सांगतात, पण मला तिच्यात काही हशील दिसत नाही. काम घासण्या-दाबण्याने होतं.

आतला साचा कडेला वाकायला लागला, मुडपला, की पिशवी आटायला लागली आहे. आता तोंडाची कडा नीट कातरून साचा काढा. पिशवी उलटी करा आणि सगळ्यात आधी दोन्ही बाजूंच्या घड्या आतून चोळा, नाहीतर तिथे शिवणीसारखी रेघ कायम राहते. तोंडाची कापलेली कडा साबणाच्या बोटांनी दोन्हीकडून दाबत घासा, ती बंद होते.

बहुतेक पिशव्या इथे संपतात आणि माझ्या मते खरं काम इथे सुरू होतं. पिशवी धुण्याच्या दगडावर घ्या. आधी हलकेच, मग जोर लावून चुरगळा, मळा, दगडावर उचलून आपटा. परातीत घालून पायाने तुडवा, जेन करणारे तेच करतात. दर थोड्या वेळाने टेपने मोजा. रुंदी जास्त राहिली तर आडवी लाटा, उंची जास्त राहिली तर उभी. पहिल्यांदा करताना हा टप्पा तासाभराचाही होऊ शकतो. घरात दोघं-तिघं असतील तर आळीपाळीने करा.

झालं हे कसं कळतं? आणखी दहा मिनिटं मळूनही माप हललं नाही, तर झालं. अंगठा जोरात दाबला तर खळगा पडत नाही. दुमडून सोडलं तर घडी आपणहून उघडते. उजेडासमोर धरलं तर विरळ डाग दिसत नाहीत. जाडी चार-पाच मिलिमीटर असते, पण जाडीपेक्षा या बाकीच्या खुणांवर विश्वास ठेवा.

पिशवी गरम आणि ओली असतानाच तिला तळ द्या. विटेला प्लॅस्टिक गुंडाळून आत उभी करा, तळाचे दोन्ही कोपरे आत ढकला आणि विटेच्या कडांवरून बोटांनी घासत राहा. चौकोनी बैठक येते. मग थंड पाण्यात फेस जाईपर्यंत खळबळा. शेवटच्या बादलीत दोन-तीन चमचे पांढरा व्हिनेगर किंवा एका लिंबाचा गाळलेला रस घाला. साबणाचा क्षार उरला तर लोकर पुढे कडकडीत आणि ठिसूळ होते. वॉशिंग मशीनच्या स्पिनरमध्ये पाणी काढून, वीट परत आत ठेवून, वाऱ्याला सावलीत वाळवा.

घोंगडीच्या सुताला चिंचोक्याची खळ देतात, तशी पिशवीला द्यावी का असंही काही जण विचारतात. मी फार तर तळाला आतून एक हात देते. चिंचोके भाजून, टरफल काढून, भिजवून वाटायचे आणि पाण्यात शिजवून पातळ करायचे. सगळ्या पिशवीला दिली तर पावसात चिकट होते आणि किडीला निमंत्रण मिळतं.

आता बंद. तुमचा बंद उपटला कारण सगळं ओझं चार-सहा टाक्यांच्या जागी आलं. फेल्टला ताणा-बाणा नसतो, त्यामुळे ओढ एका ठिकाणी आली तर ते फाटतं. लोकरीचा दोर वळून केलेला बंद दिसतो सुंदर, पण ओझ्याने लांबत जातो. तो छोट्या बटव्याला ठेवा. मंडईच्या पिशवीला बाजेची सुती नवार घ्या, किंवा चामड्याचा पट्टा. तो तोंडाशी संपवू नका. एका बाजूने खाली आणून तळाखालून फिरवा आणि दुसऱ्या बाजूने वर न्या. असे दोन पट्टे घातले की ओझं पट्ट्यांवर बसतं आणि फेल्टला फक्त आकार धरायचा राहतो. मेण लावलेला जाड दोरा, दोन सुया, एकाच भोकातून दोन्हीकडून ओवत जायचं, टाके सात-आठ मिलिमीटर अंतरावर. यंत्रावरचे बारीक टाके घालू नका, भोकांची ओळ होते आणि तिथूनच फाटतं. तोंडाजवळ आतून चामड्याचा चौकोन लावा. हे शिवायला हात धजत नसेल तर चपला शिवणाऱ्या कारागिराकडे द्या, आरीने तो अर्ध्या तासात करून देईल.

दहा-बारा किलोचं ओझं रोजच वाहायचं असेल, तर नुसत्या फेल्टचा हट्ट धरू नका. हातमागावरच्या दख्खनी घोंगडीचा तुकडा घेऊन, गरम साबणपाण्यात मळून आटवा आणि मग शिवा. त्यात सूतही आहे आणि आटलेली लोकरही, त्याची ताकद वेगळीच असते. म्हसवडकडे आणि आटपाडीकडे अजून असं कापड मिळतं.

तुमच्या आधीच्या दोन पिशव्या टाकू नका. बंद उसवा, गरम साबणपाण्यात भिजवून पुन्हा दगडावर घ्या. मेरिनो आहे, अजून पुष्कळ आटेल. लहान होतील, कदाचित २५ सेंटिमीटरच्या, पण घट्ट होतील. आधी गोळ्या कात्रीने कापून काढा, ओढू नका, ओढलं की आतले केसही सैल होतात.

वापरात चिखल लागला तर वाळू द्या आणि ब्रशने झाडा. धुवायची झाली तर थंड पाण्यात रिठ्याने. पावसाळ्याआधी आणि पावसाळा संपल्यावर उन्हात पालथी घालून झटका, घड्यांत आणि पट्ट्याखाली कसर, म्हणजे लोकर खाणारी कीड, आधी शिरते. कपाटात ठेवताना वाळलेला कडुनिंबाचा पाला घाला आणि दर दोन-तीन महिन्यांनी तो बदला.